विजेत्याकडून थ्रो शिकताना: इप्पोन सेओई-नागे, आधी हात मग पाय

ज्युदोच्या शिबिरात दरवेळी एकच गोष्ट घडताना बघतोय. पहिल्या दिवशी आंतरराष्ट्रीय पदक मिळवलेला खेळाडू मॅटवर येतो, इप्पोन सेओई-नागे, म्हणजे खांद्यावरून फेकायचा थ्रो, दाखवतो आणि समोरचा ऐंशी किलोचा माणूस उशी भिरकावल्यासारखा जातो. दुसऱ्या दिवशी हॉलमधली निम्मी मुलं पाठ वळवून, कमरेत वाकून उभी असतात आणि त्यांच्या पाठीला टेकून समोरचा जोडीदार निवांत उभा असतो. कुणाचाच थ्रो लागत नाही. तिसऱ्या दिवसापासून खांदे दुखू लागतात आणि आठवड्याभरात "सर, हा थ्रो मला जमणारा नाही" असं ऐकू येतं.

थ्रो जमणारा असतो. फक्त शिकायचा क्रम उलटा झालेला असतो. पाठ वळवणं डोळ्यांना दिसतं, म्हणून आपण ते आधी उचलतो. त्याच्या क्षणभर आधी डाव्या हाताने घेतलेली ओढ बाहेरून जवळजवळ दिसतच नाही, म्हणून ती शिकायची राहून जाते. पुढचे सगळे टप्पे ही चूक डोळ्यांसमोर ठेवून लावले आहेत. वर्णन उजव्या बाजूच्या थ्रोचं आहे. डावखुऱ्यांनी उजवं-डावं उलटं करून वाचावं. थ्रो करणारा तो तोरी आणि थ्रो घेणारा तो उके, हे शब्द तुम्हाला माहीत आहेत असं धरतो.

## टप्पा १: शिबिराला जाण्याआधी

सगळ्यात आधी उकेमी, म्हणजे इजा न होता पडायचं तंत्र. सेओई-नागेत उके खांद्यावरून उंचावरून येतो, त्यामुळे ज्याची उकेमी कच्ची आहे तो घाबरून अंग आखडतो आणि तोरीचाही सराव वाया जातो. दोन्ही बाजूंनी वीस-वीस पुढच्या कोलांट्या, डोकं मॅटला न लागता आणि हाताचा फटका वेळेवर, एवढं जमत नसेल तर आधी तेच करा.

दुसरं म्हणजे स्वतःची माहिती. तुम्ही उजवी पकड घेता की डावी? तुमच्या क्लबमधले बहुतेक जण तुमच्यासारखीच पकड घेतात की उलटी? दोघांची पकड एकाच बाजूची असेल तर तिला आइ-योत्सु म्हणतात, उलट असेल तर केंका-योत्सु. केंका-योत्सुमध्ये बाही हाताला लागायलाच झगडावं लागतं, त्यामुळे आइ-योत्सुमधला थ्रो तिथे जसाच्या तसा चालत नाही. पाहुणा खेळाडू कोणत्या पकडीतून दाखवतोय हे माहीत नसेल, तर तुम्ही भलताच थ्रो घरी घेऊन याल.

जोडीदार आधीच ठरवा. उंची तुमच्याएवढी किंवा दोन बोटं जास्त, वजन पाच किलोच्या आत-बाहेर. तुमच्याहून बुटक्या उकेवर सेओई-नागे शिकणं सगळ्यात अवघड, कारण त्याच्या खाली शिरायला जागाच उरत नाही. नखं कापलेली हवीत आणि अंगात जाड विणीचा ज्युदोचा ड्रेस हवा. टी-शर्टवर केलेल्या सरावात बाहीची पकड कळतच नाही.

तालमीतून ज्युदोकडे आलेल्या मुलांसाठी थोडं वेगळं सांगायला हवं. धोबीपछाड येत असेल तर खांद्यावरून माणूस घेण्याची भीती तुमची गेलेली असते, आणि ही मोठी जमेची बाजू. पण तुम्हाला हात धरून एकदम खाली, डोकं घालून जायची सवय असते. ज्युदोत डोक्यावर सूर मारल्यासारखं जाऊन थ्रो केला तर थेट हान्सोकु-माके, म्हणजे बाद ठरवणारी शिक्षा, मिळून सामना तिथेच संपतो, आणि मानेला धोका असतो तो वेगळाच. ही सवय पहिल्याच दिवशी तुमच्या कोचला सांगून ठेवा, म्हणजे ते लक्ष ठेवतील.

## टप्पा २: बघायचं कसं

खेळाडू दाखवत असताना मोबाईल हातात घेऊन सगळंच शूट करायचा मोह होतो. एका मित्राला शूट करू द्या आणि तुम्ही बघा. पहिल्यांदा दाखवेल तेव्हा नजर फक्त त्याच्या डाव्या हातावर ठेवा. दुसऱ्यांदा फक्त पाय, तिसऱ्यांदा डोकं कुठे वळतंय ते. सगळं एकदम बघायला गेलात तर उके पडल्याचं तेवढं लक्षात राहील.

मग त्याच खेळाडूचे सामने बघा. प्रात्यक्षिकात उके उभा राहून देतो, सामन्यात कुणीच देत नाही. व्हिडिओ थ्रोपासून सुरू करू नका, दहा सेकंद मागे न्या. हात कधी बाहीवर गेला, समोरचा ढकलत होता की मागे सरत होता, थ्रोआधी पायाचा एखादा खोटा हल्ला झाला का, हे तिथे दिसतं. बहुतेक वेळा थ्रोचं खरं काम त्या दहा सेकंदांतच झालेलं असतं.

जपानचे तोशिहिको कोगा यांचे सामने यासाठी जरूर बघा. उभ्यानेच, पाय ऐसपैस फाकवून मारलेली त्यांची इप्पोन सेओई-नागे आजही जगभर शिकवली जाते. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकआधी सरावात त्यांचा गुडघा दुखावला होता, तरी त्यांनी ७१ किलो गटात सुवर्ण जिंकलं. तरीही त्या अंतिम सामन्याचा निकाल कुठल्या थ्रोवर लागला नाही, पंचांच्या कौलावर लागला. इतक्या धारदार थ्रोचा मालकसुद्धा दरवेळी तो लावू शकत नाही, हे बघितल्यावर आपण आपल्या पहिल्या महिन्याकडे जरा धीराने बघतो.

शिबिरात प्रश्न विचारायची संधी मिळाली की "तुम्ही रोज किती तास सराव करता?" यात ती घालवू नका. हे तीन विचारा:

* थ्रो सुरू करताना सगळ्यात आधी काय हलतं?
* समोरच्याने काय केलं की तुम्ही हा थ्रो लावता?
* अर्ध्यात अडकलात तर पुढे काय करता?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर वहीत शब्दशः लिहून ठेवा. ते कुठल्याही पुस्तकी प्रात्यक्षिकात मिळत नाही.

## टप्पा ३: डावा हात

या एका टप्प्याला बाकी सगळ्यांपेक्षा जास्त वेळ द्या. जपानीत या हाताला हिकिते, म्हणजे ओढणारा हात म्हणतात.

उकेच्या उजव्या बाहीची कोपराजवळची बाहेरची शिवण धरा. पकड करंगळी आणि अनामिकेने घट्ट करायची, अंगठा आणि तर्जनी जरा सैल. नवशिका बरोबर उलटं करतो: अंगठ्याने दाबतो, त्यामुळे मनगट ताठ होतं आणि ओढ खांद्यातून न येता नुसत्या दंडातून येते. करंगळीने कापड गोळा करून बघा, बाहीचा सगळा ढिलेपणा मुठीत येतो आणि उकेचा हात तुमच्या हाताला बांधल्यासारखा वाटतो.

आता ओढ. मनगटावरचं घड्याळ बघताना हात जसा वर येतो, तसा तुमचा कोपर वर आणि बाहेर जायला हवा, करंगळीची कड आभाळाकडे. ओढीची दिशा तुमच्या पोटाकडे नको. वर आणि तुमच्या डाव्या बाजूला हवी. पोटाकडे ओढलं तर उके नुसता जवळ येतो, त्याचा तोल जात नाही.

ओढ एकदा सुरू झाली की उके जमिनीवर पडेपर्यंत थांबता कामा नये. विहिरीतून पोहरा वर घेताना दोर मध्येच सैल सोडला की पोहरा परत खाली जातो, तसं इथे होतं. पाय टाकताना बहुतेकांचा डावा हात नकळत ढिला पडतो आणि तेवढ्यात उके सरळ होतो.

मी स्वतः ही चूक सात-आठ महिने केली. एका परदेशी खेळाडूच्या शिबिरातून आलो होतो, त्याचं वळणं डोक्यात इतकं भिनलं होतं की रोज शंभर वेळा पाठ वळवायचो. डावा हात नावापुरता असायचा आणि माणूस उचलायचा सगळा भार उजव्या खांद्यावर पडायचा. शेवटी खांदा इतका दुखू लागला की डोक्यावरून शर्ट काढता येईना. माझ्या सरांनी सेओई-नागे पूर्ण बंद करायला लावली आणि महिनाभर एकच काम दिलं: एका जागी उभं राहून फक्त डाव्या हाताने ओढ घ्यायची. पाय हलवायचे नाहीत, वळायचं नाही. कंटाळा आला, राग आला. महिन्याने परत थ्रो करायला दिला तेव्हा माझ्यापेक्षा बारा किलोने जड मुलगा खांद्यावर कधी आला ते कळलंही नाही.

तपासा: उकेच्या उजव्या टाचेखाली वर्तमानपत्राचा एक कागद सरकवा. तुम्ही फक्त डाव्या हाताने ओढ घ्या आणि तिसऱ्याला कागद काढायला सांगा. कागद सहज निघाला तर टाच उठली, म्हणजे तोल गेला. फाटला तर ओढ अजून पोटाकडे चालली आहे. दहापैकी आठ वेळा कागद निघेपर्यंत पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

## टप्पा ४: पाय

मॅटवर चिकटपट्टीने उकेच्या दोन्ही पावलांच्या जागा आखून घ्या आणि सुरुवातीला उकेशिवायच पाय टाकून बघा.

१. उजवं पाऊल उकेच्या उजव्या पावलाच्या पुढे, थोडं आतल्या बाजूला टाका. मध्ये साधारण एका पावलाचं अंतर राहू द्या. टाकतानाच पावलाचा पुढचा भाग आत वळवा.

२. त्या पावलाच्या चवड्यावर फिरा आणि डावं पाऊल मागून नेऊन उकेच्या डाव्या पावलासमोर आणा. आता तुमची पाठ उकेच्या छातीला लागलेली असेल आणि तुमची दोन्ही पावलं त्याच्या दोन पावलांच्या मधे असतील.

३. फिरतानाच गुडघे वाका. तुमचा पट्टा उकेच्या पट्ट्याच्या खाली गेला पाहिजे.

पहिलं पाऊल फार आत टाकलं तर फिरल्यावर तुम्ही मागे कलंडता. फार लांब टाकलं तर उकेपर्यंत पोहोचायला कमरेत वाकावं लागतं. दोन्हीची खूण सोपी आहे: फिरून झाल्यावर टाचा मॅटला टेकल्या असतील तर अंतर चुकलंय. वजन चवड्यांवर हवं.

सावध: गुडघा आणि पावलाची बोटं नेहमी एकाच दिशेला हवीत. पाऊल मॅटला चिकटलेलं आणि गुडघा मात्र वळलेला, अशा अवस्थेत पाठीवर उकेचं वजन आलं की गुडघ्याच्या आतल्या अस्थिबंधाला इजा होते. गुडघ्यात आतल्या बाजूला टोचल्यासारखं वाटलं तर त्या दिवशी थांबा.

दोन्ही गुडघे मॅटवर टाकून केलेली सेओई-नागे स्पर्धेत खूप दिसते आणि मुलांना ती सोपी वाटते. उभ्याने तोल घालवायला शिकण्याआधी ती उचलू नका. खाली बसणं ओढीची जागा घेतं, आणि ती सवय मग वर्षानुवर्षं सुटत नाही. वाढत्या वयात गुडघे आपटण्याचा त्रास होतो तो वेगळा.

## टप्पा ५: उजवा हात

उजवा हात सुरुवातीला उकेच्या कॉलरवर असतो. तो सोडायचा केव्हा, यात गोंधळ होतो. डाव्या हाताची ओढ सुरू होऊन उकेचं वजन पुढे आल्यावर सोडायचा. आधी सोडला तर उकेला सरळ व्हायला मोकळीक मिळते.

मग हात उकेच्या उजव्या काखेत खालून जातो आणि तुमच्या कोपराच्या आतल्या खोबणीत त्याचा दंड पकडला जातो. तुमचा कोपर पूर्ण वाकलेला आणि मूठ तुमच्या उजव्या खांद्याजवळ हवी. हात लांब, सरळ राहिला तर सगळा ताण तुमच्या खांद्यावर येतो.

सावध: तुमची खोबणी उकेच्या कोपराखाली आली असेल तर थ्रो करू नका. वर उचलताच त्याचा कोपर उलटा वाकतो. खोबणी दंडाच्या वरच्या भागात, काखेला लागून हवी.

तपासा: या अवस्थेत तीन सेकंद थांबा. उके तुमच्या पाठीला चिकटलाय का, हे जोडीदाराने बघावं. मधून हात जाईल एवढी फट असेल तर उके मागून गळा आवळू शकतो किंवा उरा-नागेने तुम्हालाच मागे टाकू शकतो. फट दिसली की टप्पा ३ वर परत जा, कारण फट बहुतेक वेळा डाव्या हातामुळेच पडते.

## टप्पा ६: फेकणं आणि धरून ठेवणं

आधी गुडघे सरळ करा, मग पुढे वाका. आधी वाकलात तर सगळं वजन कमरेवर येतं. गुडघे सरळ होताना उकेचे पाय जमिनीवरून उठतात. त्यानंतर डोकं डावीकडे वळवा आणि डावा हात तुमच्या डाव्या खिशाच्या जागी ओढून आणा. डोकं वळलं नाही तर उके खांद्यावरच अडकतो.

उके पडला तरी त्याची उजवी बाही सोडायची नाही. शेवटच्या क्षणी ती वर ओढून धरली की त्याचं डोकं वाचतं आणि तो डाव्या हाताने नीट फटका मारू शकतो.

उकेसाठीही एक सांगणं: पडताना मोकळा हात मॅटवर रोवून स्वतःला वाचवू नका. कोपर निखळण्याचं ते ठरलेलं कारण आहे. थ्रो लागतोय हे कळलं की पडा.

## टप्पा ७: सहा आठवड्यांचा सराव

पहिले दोन आठवडे जागेवर उचिकोमी, म्हणजे न फेकता शिरायचा सराव. दहाचे पाच संच, प्रत्येक दहाव्या वेळी तीन सेकंद थांबून टप्पा ५ ची तपासणी. वेगाची घाई नको. वेग वाढवताच डावा हात ढिला पडतो.

तिसऱ्या आठवड्यापासून चालत उचिकोमी. तुम्ही मागे जा, उकेला पुढे येऊ द्या. त्याचं उजवं पाऊल पुढे टेकायच्या बेतात असतं, तेव्हा शिरायचं. वेळ कशी पकडायची ते इथेच कळतं. त्याच आठवड्यात तिघांची उचिकोमी सुरू करा: एक जण उकेला मागून पट्ट्याला धरून ठेवतो आणि तुम्ही पूर्ण जोराने उचलता.

चौथ्या-पाचव्या आठवड्यात जाड गादीवर नागेकोमी, एका सत्रात वीसच्या आसपास पूर्ण थ्रो. उके थकला की बदला. थकलेल्या उकेची उकेमी बिघडते.

सहाव्या आठवड्यात ठरवून रांदोरी, म्हणजे सरावाची लढत. तुम्ही फक्त सेओई-नागे आणि को-उचि-गारी (पायाने आतून समोरच्याचा पाय काढणं) लावायची, समोरचा फक्त अडवणार. ही जोडी मुद्दाम सांगतोय. सेओई-नागेला शिरताच उके मागे रेलला तर उजव्या पायाने आतून त्याचा उजवा पाय काढता येतो. उलट को-उचि-गारीने त्याला मागे सारलं आणि तो तोल सावरायला पुढे आला की सेओई-नागे तयार असते. फक्त हाताने पाय धरायचा मोह टाळा, उभ्या खेळात पट्ट्याखाली हाताने पाय पकडणं आजच्या स्पर्धा नियमांत चालत नाही.

## टप्पा ८: विजेत्याची खास लकब, आता

आता त्या शिबिरातल्या व्हिडिओकडे परत या. कोगांसारखे फाकवलेले पाय आता करून बघायला हरकत नाही. सहा आठवड्यांपूर्वी ते नुसतं उभं राहण्याचं रूप वाटलं असतं. आता ओढीची दिशा हाताला माहीत असल्यामुळे, पाय लांब टाकूनही आपण मागे कलंडत नाही हे जाणवेल. दोन आठवडे नीट करून बघा. शरीराला मानवलं नाही, मांडीच्या सांध्यात ओढ बसली, तर सोडून द्या. त्यात कमीपणा नाही.

याचा सगळ्यात बोलका दाखला कोगांच्याच शिष्येचा आहे. आयुमी तानिमोतोने २००४ आणि २००८ च्या ऑलिम्पिकमध्ये ६३ किलो गटात सुवर्ण जिंकलं. २००८ मध्ये बीजिंगच्या अंतिम सामन्यात फ्रान्सच्या लुसी देकोसविरुद्ध तिने इप्पोन, म्हणजे सामना संपवणारा पूर्ण गुण, घेतला तो उचि-माताने, मांडीने आतून पाय उचलून फेकायच्या थ्रोने. जगातल्या सर्वोत्तम सेओई-नागेचा मालक शिकवायला असूनही तिने निर्णायक क्षणी आपल्याला येणारा थ्रो मारला. पाहुण्या खेळाडूकडून काय घ्यायचं आणि काय त्याच्याकडेच राहू द्यायचं, हे ठरवताना मला ही लढत हमखास आठवते.

रांदोरीनंतर वहीत तीन रकाने करा: किती वेळा बाही हाताला लागली, किती वेळा उकेची टाच उठली, किती वेळा तो पडला. पहिला आकडा कमी असेल तर पुढचा आठवडा फक्त पकडीच्या झटापटीला द्या. पहिला चांगला आणि दुसरा कमी असेल तर परत कागद घेऊन टप्पा ३ करा. दुसरा चांगला असूनही तिसरा कमी असेल तर चूक पायांत किंवा डोकं वळवण्यात आहे. बाजूने व्हिडिओ काढा आणि आपल्या कोचसोबत बसून बघा.